गेम खेळून एन ४ होईल का? आधी चौदाव्या धड्याचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २३, मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरोलीला फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला काम. जपानला जायचंय, म्हणून वर्षभरात एन ४ काढायची आहे, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली खालून दुसरी पातळी (सगळ्यात सोपी एन ५). क्लास दोनदा लावला आणि दोन्ही वेळा तेराव्या-चौदाव्या धड्याच्या आसपास सुटला. लहानपणापासून आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम, खेळता, घरात जुना लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे. जपानी शिकवणारे आरपीजी गेम मिळतात असं कळल्यावर तुम्ही विचारताय, कुठला घेऊ आणि तो खेळून एन ४ निघेल का.

मी कोल्हापुरात चौदा वर्षं जपानी शिकवते. गेममुळे या भाषेकडे वळलेली बरीच मुलं माझ्याकडे येऊन गेली, त्यामुळे या प्रश्नाला मी कधीच उडवून लावत नाही. नुसते गेम खेळून एन ४ होणार नाही, हे आधी स्पष्ट सांगते. पण तुमच्या बाबतीत गेमचा उपयोग नक्की होईल, आणि कुठे होईल तेही मला दिसतंय. कारण तुम्ही लिहिलेला धड्याचा आकडा वाचून मी तिथंच थांबले.

आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये मिन्ना नो निहोंगो हे पाठ्यपुस्तक चालतं. पन्नास धडे, पहिले पंचवीस साधारण एन ५ चे, पुढचे पंचवीस एन ४ चे. तेराव्या धड्यापर्यंत क्रियापदं गुण्यागोविंदानं ‘मास’ लावून येतात. ताबेमास, इकिमास, योमिमास. आणि चौदाव्या धड्यात ते-रूप येतं. काकु चं काइते होतं, योमु चं योंदे, हानासु चं हानाशिते, मात्सु चं मात्ते. रोज एकसारखं चालणारं यंत्र अचानक सात तऱ्हेनं चालायला लागतं. कामावरून रात्री साडेअकराला घरी येणाऱ्या माणसाला हा तक्ता पाठ होत नाही, मग एक तास बुडतो, मग दुसरा. दोनदा तुम्ही तिथंच सुटलात. म्हणजे पुस्तकाचा कंटाळा हे कारण मला खरं वाटत नाही. तुमचं घोडं ते-रूपात अडलंय. दोन वेळा क्लास सोडला म्हणून आपल्याला भाषा जमत नाही असं मनात घेतलं असेल, तर ते आजच काढून टाका.

आता जपानी शिकवण्यासाठीच बनवलेल्या गेमकडे येऊ. २०१६ मध्ये ‘लर्न जॅपनीज टू सर्व्हाइव्ह’ या मालिकेतला ‘हिरागाना बॅटल’ आला, मागोमाग ‘काताकाना वॉर’ आणि ‘कांजी कॉम्बॅट’. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन अक्षरलिप्या, दोघींना मिळून काना म्हणतात; कांजी म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं. यात शत्रू म्हणून समोर अक्षरच उभं राहतं. त्याचा बरोबर उच्चार निवडला तर तुमचा वार लागतो, चुकला तर तुम्हालाच मार बसतो. त्याआधीचा ‘स्लाइम फॉरेस्ट अ‍ॅडव्हेंचर’ही त्याच जातीचा, तिथं उच्चार टाइप करून स्लाइम मारायचे. ‘वागोताबी’ जरा वेगळा आहे. फोनवर चालतो, सुरुवातीला संवाद इंग्रजीत असतात आणि तुम्ही जे शब्द शिकाल ते हळूहळू जपानीत बदलत जातात. कल्पना फार चांगली आहे.

अक्षर ओळखण्यासाठी मी हे गेम मनापासून सुचवते. हिरागाना आणि काताकानाची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. मराठी माणसाला त्यांचा क्रम लावायला वेळ लागत नाही: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपलीच वर्णमाला आहे ती. बौद्ध भिक्षूंबरोबर जपानात गेलेल्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासातून हा क्रम आला. खरा त्रास सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा. हिरागानात ने, रे आणि वा यांचा डावा भाग एकच, फरक उजवीकडच्या शेपटीत. काताकानात शि आणि त्सु, सो आणि न. पुस्तकात एकाखाली एक लिहिलेली असताना ती ओळखू येतात. समोर शत्रू उभा असताना ओळखू आली तर पक्की झाली म्हणायची. माझ्या एका विद्यार्थ्याचा शि-त्सु चा घोळ चार महिने वहीत लिहून गेला नव्हता, तो काताकाना वॉरमध्ये आठवड्याभरात गेला.

पण तुम्हाला अक्षरं येतात. तेरा धडे केलेला माणूस हिरागाना बॅटल विकत घेऊन बसला तर त्याला दोन दिवस बरं वाटेल, लेव्हल वाढेल आणि जपानी तिथंच राहील. तुम्ही जिथं अडलात त्या जागेपर्यंत हे अक्षरांचे गेम पोचतच नाहीत. शिवाय त्यांतलं स्पष्टीकरण इंग्रजीत. म्हणजे जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत अशा दोन उड्या. आपल्याला त्यातली एक उडी मारायची गरजच नाही, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीनं हेच सांगायचंय.

घरातून बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. म्हटलं तर आई दारातूनच ओरडते, “जातो नाही, येतो म्हणावं.” आपण म्हणतो, जाऊन येतो. जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो ‘इत्ते किमास’. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो. घरातलं माणूस उत्तर देतं ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन ये. कितीतरी आरपीजींची सुरुवात याच दृश्यानं होते. नायक सकाळी उठतो, आई स्वयंपाकघरात असते, तो दाराकडे जातो आणि खाली चौकटीत ही दोन वाक्यं येतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे एक शिष्टाचाराचं वाक्य म्हणून पाठ करावं लागतं. तुम्हाला फक्त ओळखायचंय.

कारण ते-रूप म्हणजे आपलं ‘ऊन’. ताबेते म्हणजे खाऊन. आता पुढचं बघा. ताबेते मिरु: मिरु म्हणजे बघणे, अख्ख्याचा अर्थ खाऊन बघणे, म्हणजे चव घेऊन बघणे. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणे. कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणे, कारण काउ म्हणजे विकत घेणे आणि ओकु म्हणजे ठेवणे. गेममधला म्हातारा नायकाला सांगतो ‘सागाशिते कुरे’, म्हणजे शोधून दे. कुलूप असलेल्या दारापाशी बटण दाबलं की ‘दोआ नि वा कागि गा काकात्ते इरु’ असं येतं, दाराला कुलूप लागलेलं आहे. नि म्हणजे ला. शब्दांची जागासुद्धा हलत नाही. गावातली बाई सांगते ‘मुरा नो किता नि दोउकुत्सु गा आरु’, गावाच्या उत्तरेला गुहा आहे. नो म्हणजे चा-ची-च्या. इंग्रजीत हेच सांगायचं तर वाक्य शेवटाकडून उलटं फिरवावं लागतं.

ही जोडी सगळीकडे जुळत नाही, तेही सांगून ठेवते. योंदे इरु म्हणजे ‘वाचून आहे’ असं नसून ‘वाचतोय’. ताबेते मो इइ म्हणजे ‘खाल्लं तरी चालेल’, इथं ‘ऊन’ कामाचं नाही. आणि एक गोष्ट मराठीत मुळीच नाही: निर्जीव वस्तू असेल तर आरु, जिवंत प्राणी असेल तर इरु. दोन्ही आपल्याकडे ‘आहे’. पण गेममध्ये पेटी आरु असते आणि तिच्या शेजारचा राक्षस इरु असतो, त्यामुळे हा फरक नकळत डोक्यात बसतो.

आता तक्त्याचं बघू. आरपीजीतली माणसं कायम संकटात असतात, म्हणून ती सतत ते-रूपात ओरडतात. तासुकेते, वाचवा. निगेते, पळ. मात्ते, थांब. इसोइदे, लवकर. किइते, ऐक. सागाशिते, शोध. योंदे, हाक मार. चौदाव्या धड्याच्या तक्त्यातला एकेक प्रकार इथं हाकेच्या रूपात ऐकू येतो. मी मुलांना वहीच्या एका पानावर सात घरं आखायला लावते. पहिलं घर निगेरु-निगेते चं, जिथं नुसता रु जातो. दुसरं मात्सु-मात्ते, काउ-कात्ते चं. तिसरं योबु-योंदे, योमु-योंदे चं. चौथं किकु-किइते, पाचवं इसोगु-इसोइदे, सहावं सागासु-सागाशिते, सातवं बेशिस्त दोघांचं: सुरु-शिते आणि कुरु-किते. इकु चौथ्या घरात बसायला हवं होतं, पण ते इत्ते होऊन दुसऱ्या घरात घुसतं, म्हणून ते लाल पेननं लिहायचं. गेम खेळताना नवं ते-रूप दिसलं की आपल्या घरात टाकायचं. तक्ता पाठ करायचा नाही, तो भरायचा. एकेका घरात दहा शब्द जमले की अकराव्याला तोंड आपोआप वळतं.

यासाठी लागतो तो साधा, जपानीत चालणारा गेम. मुद्दाम शिकवायला बनवलेला नको. कुठला, ते तुमच्याकडे काय आहे त्यावर अवलंबून. निन्टेन्डो स्विच असता तर मी डोळे झाकून पोकेमॉन सांगितला असता. २०१३ च्या एक्स-वायपासून या मुख्य मालिकेत, प्रत कुठूनही घेतली तरी, सुरुवातीला जपानी भाषा निवडता येते, आणि मजकूर नुसत्या काना लिपीत हवा की कांजीसकट, हेही विचारतात. काना निवडली तर शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, हा नवशिक्याला मोठा आधार. त्यातल्या एका चालीचं नाव ‘शिप्पो ओ फुरु’ आहे, शेपूट हलवणे. कर्म, प्रत्यय, क्रियापद, सगळं एका चालीत.

तुमच्या लॅपटॉपवर मात्र मी स्टारड्यू व्हॅली सुचवेन. जुन्या मशीनवर चालतो, फोनवरही मिळतो, जपानी भाषा त्यात आहे आणि ती गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावरून बदलता येते. शेती करायची, गावातल्या माणसांशी बोलायचं. चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. रोज सकाळी टीव्हीवर उद्याचं हवामान, भिंतीवर कॅलेंडर, दुकान कुठल्या वारी बंद. पाऊस, बी, पाणी, शेत, सोमवार-मंगळवार हे शब्द इतक्यांदा येतात की विसरायला जागाच उरत नाही. तलवारीच्या गेममध्ये हे मिळत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, आठ महिने जपानीत गेम खेळून. ‘माओउ’ म्हणजे राक्षसांचा राजा, हा शब्द कांजीत ओळखायचा, पण सोमवारची कांजी पुढे केली तर गप्प. परीक्षेत सोमवार येतो.

स्टारड्यूमध्ये एक अडचण आहे. कांजीवर तिचं वाचन छोट्या अक्षरांत दिलेलं नसतं, त्यामुळे तेराव्या धड्याच्या माणसाला पहिले पंधरा दिवस जड जातील. म्हणून भाषा बदलायची सोय महत्त्वाची. एक गेमदिवस जपानीत खेळा, अडलात तर तोच प्रसंग इंग्रजीत उघडून बघा. दुसरा गेम घ्यायचा असेल तर स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर गेमच्या पानावर भाषांची चौकट असते, त्यात इंटरफेस, आवाज आणि सबटायटल असे तीन रकाने असतात. जपानीसमोर कुठल्या रकान्यात खूण आहे ते बघून मगच पैसे द्या. जपानी बनावटीचा गेम आहे म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या प्रतीत जपानी असेलच असं नाही.

फार जुने गेम मात्र सध्या टाळा. १९८६ चा पहिला ड्रॅगन क्वेस्ट जेमतेम ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला होता. कांजीला जागाच नव्हती, सगळं काना लिपीत. ऐकायला सोपं वाटतं, पण कांजी नसली की ‘कामि’ म्हणजे कागद, केस की देव, हे संदर्भावरूनच लावावं लागतं. त्यात ठिपक्यांच्या पडद्यावर ‘बा’ चे दोन फटके आणि ‘पा’ चं गोल जवळजवळ सारखंच दिसतं.

आता खेळायचं कसं. वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि शेजारी वही. संवादाची चौकट आली की पुढचं बटण दाबायच्या आधी वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि लगेच मराठीत म्हणायचं. मनातल्या मनात नको. मनात वाचताना डोळा ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातो आणि आपल्याला समजलं असं वाटतं. गेमची रचनाच तशी असते, न वाचता बटण दाबत गेलात तरी तो तुम्हाला पुढे नेतो. नकाशावर खूण असते, जायचं कुठं ते कळतं, आणि दोनशे तास खेळूनही माणूस कोरा राहू शकतो. वहीत मात्र दिसेल तो शब्द लिहू नका. शब्द तिसऱ्यांदा भेटला तरच वहीत, आणि दिवसाला पाचच. एकदाच आलेला ‘शापित चिलखत’ कुणालाच लागत नाही. तीनदा आलेला शब्द भाषेतला शब्द असतो. कॅमेरा धरून भाषांतर दाखवणारं अ‍ॅप त्या वीस मिनिटांत उघडायचं नाही, नंतर वही तपासायला उघडा.

गेममधले काही शब्द तुमच्या शॉप फ्लोअरवर थेट येतील. ‘किकेन’, धोका. ‘काकुनिन’, खात्री करणं, जे तुम्ही पर्याय निवडल्यावर प्रत्येक वेळी विचारलं जातं. ‘सेत्तेइ’, सेटिंग. आणि ‘केइकेन’, अनुभव, ज्याचे गुण साठवून तुमची लेव्हल वाढते. किकेन आणि केइकेन यांत फक्त पहिल्या स्वराचा फरक. सराव मुलाखतीत एकानं मला आत्मविश्वासानं सांगितलं की मला फाउंड्रीतला तीन वर्षांचा धोका आहे. तो डोळ्यांनी शिकला होता, कानानं नाही.

त्याच मुलाखतीत दुसरी गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. तो स्वतःला ‘ओरे’ म्हणत होता आणि ‘समजलं’ यासाठी ‘वाकात्ता’. शब्द बरोबर आहेत, पण मुलाखत घेणाऱ्यासमोर ‘वाताशी’ आणि ‘वाकारिमाशिता’ लागतं. गेममधले नायक कुणालाही तू-तुकारी करतात. म्हातारे ‘वाशि’ आणि ‘ज्या’ लावून बोलतात, जसं खरा जपानी म्हातारा सहसा बोलत नाही. पात्र बघताच ओळखू यावं म्हणून ठरलेल्या या बोलीला ओसाका विद्यापीठात तेव्हा शिकवणारे भाषातज्ज्ञ किन्सुइ सातोशि यांनी ‘याकुवारिगो’ म्हटलंय, भूमिकेची भाषा. समजा एखादा परदेशी पाहुणा ऐतिहासिक मालिका बघून मराठी शिकला आणि आपल्याकडे मिसळीच्या दुकानात येऊन म्हणाला, “आम्हांस मिसळ सत्वर पेश करा,” तर चूक काहीच नाही, पण तसं कुणी बोलत नाही. म्हणून गेममधून वाचा, ओळखा, पण बोलताना क्लासमधलं मास-देसचं नम्र बोलणं सोडू नका. वहीत अशा शब्दांपुढे मी ‘फक्त गेम’ असं लिहायला लावते.

परीक्षेपुरतं एवढंच. एन ४ ला १८० पैकी ९० लागतात, आणि ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ वेगळे मिळवावेच लागतात. आवाज नसलेला गेम त्या साठात काहीच भर घालत नाही. त्यासाठी जपान फाउंडेशनचं इरोदोरि वापरा, पुस्तक आणि ध्वनिफिती दोन्ही फुकट उतरवता येतात, शिरोलीच्या बसमध्ये कानात घाला. तुमचा हेतू स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांचा जपानी व्हिसा असेल तर एन ४ ऐवजी जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषापरीक्षाही चालते. ती संगणकावर होते आणि २५० पैकी २०० गुण लागतात. त्याच्या जोडीला तुमच्या कामाची कौशल्य परीक्षा वेगळी द्यावी लागते. जेएलपीटी वर्षातून जास्तीत जास्त दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये, आपल्याला जवळचं केंद्र पुणे. अर्ज काही महिने आधीच बंद होतो, तारखेवर लक्ष ठेवा.

वर्षभरात एन ४ निघेल का, हे तुमच्या पाळीवर आणि झोपेवर आहे. रोज तास-दीड तास मिळाला तर निघू शकेल. आठवड्याला तीन दिवसच मिळणार असतील तर दीड वर्ष धरा आणि मनाला लावून घेऊ नका. दुसरी पाळी असेल तर पुस्तकाचा धडा सकाळी डोकं ताजं असताना, आणि रात्री घरी आल्यावर फक्त गेमची वीस मिनिटं. पहिली पाळी आली की उलटं. क्लास पुन्हा लावणार असाल तर पहिल्या धड्यापासून बसू नका, शिक्षकांना स्पष्ट सांगा की मला चौदाव्यापासून घ्या. क्लास नाही लावला तरी चालेल, पण पुस्तक सोडून चालणार नाही.

आज रात्री नवा गेम विकत घेऊ नका. आधी वहीत सात घरं आखा आणि तेरा धड्यांतली जेवढी क्रियापदं आठवतात तेवढी त्यांच्या त्यांच्या घरात ते-रूप करून टाका. पानाचा फोटो इथंच लावा, कुठलं क्रियापद चुकीच्या घरात गेलंय ते मी बघून सांगते. ‘काएरु’ तुम्ही पहिल्या घरात टाकाल असा माझा अंदाज आहे, बहुतेक जण टाकतात. ते दुसऱ्या घरातलं आहे, काएत्ते.